स्टॅटिस: थंडीत फुलवा, वाळवा आणि गणपतीपर्यंत जपा

वाढदिवसाचा बुके घरी येतो. चार दिवसांत जरबेरा मान टाकतो, गुलाबाच्या कडा काळवंडतात, आणि या सगळ्यांच्या मधे भरतीला खोचलेलं एक जांभळं, कागदी फूल मात्र आणलं त्या दिवशीसारखंच उभं असतं. आपण बुके उचलून ओल्या कचऱ्यात टाकतो आणि त्याच्याबरोबर तेही जातं. ते स्टॅटिस. फुलबाजारात त्याला 'फिलर' म्हणतात, म्हणजे मोठ्या फुलांमधली जागा भरायचा माल. मला हे नाव कधीच पटलं नाही. पुण्यात आमच्या गच्चीवर मी गेली काही वर्षं स्टॅटिस लावते आहे आणि घरातल्या सगळ्या फुलांमध्ये सर्वांत जास्त दिवस सोबत करणारं फूल हेच आहे. पहिल्यांदा लावणाऱ्याच्या हातून हंगाम वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फूल नीट बघा

लावायच्या आधी बाजारातून स्टॅटिसची एक जुडी आणा आणि एक तुरा हातात घ्या. अगदी ताजा असला तरी तो बोटांत चुरचुरतो, पतंगाच्या कागदासारखा. आता एकच फूल सुटं करून डोळ्यांजवळ धरा. जांभळ्या रंगाचं छोटं नरसाळं दिसेल आणि त्याच्या तळातून डोकावणारं पांढरं, नाजूक, पाच पाकळ्यांचं इवलंसं फूल दिसेल. खरं फूल ते पांढरं. ते दोन-चार दिवसांत सुकून आकसतं. जांभळं नरसाळं म्हणजे निदलपुंज, इतर फुलांमध्ये कळीला खालून धरणारी हिरवी वाटी असते ना, ती. स्टॅटिसमध्ये ही वाटी रंगीत होते, पातळ होते आणि जन्मतःच जवळजवळ कोरडी असते. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती जशी रंगलेली पानं असतात आणि खरी फुलं आत पांढरी असतात, तसाच हा प्रकार.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. तोडणी केव्हा करायची, वाळवल्यावर रंग का टिकतो, पांढरा चुरा का गळतो, या सगळ्याचं उत्तर त्या वाटीत आहे.

शास्त्रीय नाव लिमोनियम सिनुआटम. 'सिनुआटम' म्हणजे लाटांसारख्या काठाचं, आणि पानं तशीच असतात, कडेने खोल नागमोडी कापलेली. आपल्या चित्रकाच्या कुळातलं हे झाड. त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राचा किनारा: वाळू, खारी हवा, ओला आणि गार हिवाळा, मग कोरडा उन्हाळा. खारेपणाची सवय असल्यामुळे पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोकणात खाडीकाठच्या तिवराच्या पानावर जीभ लावली तर खारट लागते, तीच युक्ती. म्हणून स्टॅटिसच्या पानांवर कधी पांढरे कण दिसले तर भुरी, म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग, समजून लगेच फवारणी करू नका. ओल्या बोटाने पुसून बघा, मीठ असेल तर विरघळून जातं.

याचा एक मोठा फायदा आपल्याला होतो. बोअरच्या ज्या जड पाण्यावर इतर नाजूक फुलझाडं कुरकुरतात, ते पाणी स्टॅटिस बिनतक्रार पितं.

बाजारात 'लिमोनियम' नावाने आणखी एक फूल मिळतं, धुक्यासारखं बारीक, फिकट निळं, खूप फांद्यांचं. तेही याच गोतावळ्यातलं, पण ते संकरित वाण असतं आणि बियांऐवजी त्याची तयार रोपं लावतात. नवख्या माणसाने बियांचं साधं स्टॅटिसच लावावं.

थंडी खाल्ल्याशिवाय फूल नाही

पहिल्या वर्षी मला जानेवारीत बियांचं पाकीट मिळालं आणि उत्साहाने मी त्याच आठवड्यात पेरलं. रोपं छान आली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, झाडं मुळ्याच्या पाल्यासारखी जमिनीलगत पसरत गेली. मे महिन्यात एकही दांडा न येता ती उन्हाने करपली. झाडांना काहीही रोग नव्हता. त्यांना थंडी मिळाली नव्हती, एवढंच.

स्टॅटिस आधी जमिनीलगत पानांचा चक्राकार पसारा करतं. या अवस्थेत त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसची थंडी काही आठवडे लागली की मधून फुलांचा दांडा उठतो. थंडी अर्धवट मिळाली आणि लगेच ऊन तापलं तर झाड पुन्हा पानांवरच जातं. म्हणजे आपलं काम एकच: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रोप अंगाने भरलेलं, पानांनी पसरलेलं पाहिजे. तिथून उलटी मोजणी करा.

मी सणांवरून वेळ लक्षात ठेवते. अनंत चतुर्दशी झाली की दसऱ्याच्या आत पेरणी. दिवाळीच्या मागेपुढे रोपं मोठ्या कुंडीत. मार्गशीर्ष-पौषाची थंडी झाडाच्या अंगावर. संक्रांतीच्या आसपास वाकून बघायचं, गाभ्यातून दांडे वर यायला लागलेले असतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत फुलांचा बहर. आणि सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे फूल वाळवायची वेळ बरोबर मार्चमध्ये येते, जेव्हा आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. पापड-कुरडया घालायच्या दिवसांत फुलंही वाळतात.

पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात रात्रीची थंडी पुरेशी पडते. महाबळेश्वर-पाचगणीला तर प्रश्नच नाही. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्यातल्या मंडळींना मात्र स्पष्टच सांगते, तुमच्याकडच्या हिवाळ्यात हे झाड दांडा टाकेलच असं नाही. भिजवलेलं बी फ्रिजमध्ये ठेवून थंडी देण्याची पद्धत आहे, पण त्यानंतर रोप गरम हवेत वाढलं तर तिचा असर पुसला जातो. त्यापेक्षा हिवाळ्यात दादरच्या फुलबाजारातून ताज्या जुड्या आणा आणि हा लेख वाळवणीपासून पुढे वाचा. त्यातही आनंद कमी नाही.

बी आणि रोपं

बी दोन प्रकारचं मिळतं. एक सोललेलं: बारीक, लांबट, तपकिरी. दुसरं न सोललेलं: वाळक्या फुलांचा भुगा वाटावा असं, कारण प्रत्येक बी अजून त्या कागदी वाटीतच असतं. स्वस्त पाकिटात असा भुगा निघाला तर फसवणूक झाली असं समजू नका, तो चोळून तसाच पेरता येतो. उगवण थोडी मागेपुढे होते. सोललेल्या बियांच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या वर बिया बसतात, तेव्हा घरच्यापुरतं सगळ्यात लहान पाकीटही दोन-तीन शेजाऱ्यांत वाटून घेण्याइतकं असतं.

रंग जांभळा, निळा, पांढरा, पिवळा, गुलाबी आणि जर्दाळू. मिश्र रंगांच्या पाकिटात कुठल्या रोपाला कुठला रंग येणार हे फूल उमलेपर्यंत कळत नाही. वाळवण्यासाठीच लावणार असाल तर पहिल्या वर्षी गडद जांभळा घ्या. तो रंग सगळ्यात जास्त टिकतो. गुलाबी ताजेपणी फार सुरेख दिसतो, पण वाळल्यावर लवकर फिकटतो.

पेरणीला नर्सरीवाल्यांचा खणांचा प्रो-ट्रे सगळ्यात बरा. तो नसेल तर कागदी चहाचे कप, तळाला भोक पाडून. स्टॅटिसचं मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं आणि त्याला उपटाउपटी आवडत नाही, म्हणून एका पसरट कुंडीत सगळं बी भुरभुरून नंतर रोपं वेगळी करणं टाळा.

खणांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि चाळलेलं गांडूळखत भरा. आधी कोकोपीट मुठीत दाबून बघा, पाणी निथळलं तर ते जास्त ओलं आहे, नुसता ओलावा जाणवला तर बरोबर. प्रत्येक खणात दोन बिया ठेवा आणि वरून चिमूटभर मिश्रण भुरभुरवा. बी जेमतेम झाकलं पाहिजे, पुरलं जाता कामा नये. पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्या, नाहीतर बी वाहून कोपऱ्यात जमा होतं. ट्रे पावसापासून वाचेल पण उजेड मिळेल अशा ठिकाणी, पत्र्याच्या वळचणीखाली किंवा खिडकीत ठेवा. परतीच्या पावसाची एक सर ट्रेवर पडली तर सगळी मेहनत जाते. बी साधारण एक ते दोन आठवड्यांत उगवतं.

रोपं दोन पानांवर आली की त्यांना सकाळचं ऊन दाखवायला सुरुवात करा आणि प्रत्येक खणातलं अशक्त रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाचं मूळ हलतं. या वयात रोपांचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे ओल. काल ताठ असलेलं रोप आज जमिनीलगत बारीक होऊन आडवं झालेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. वरचा थर सुकू द्या, हवा खेळती ठेवा.

मोठ्या कुंडीत

पाच-सहा आठवड्यांत रोपाला पाच-सहा खरी पानं येतात. हीच वेळ. उशीर केला तर सोटमूळ खणात वेटोळं करतं आणि झाड पुढे कधीच नीट बसत नाही.

एका झाडाला १२ इंची कुंडी द्या, खोली निदान १० इंच असावी. जमिनीत लावणार असाल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा, करून दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मातीसाठी मी दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत असं मिसळते. काळ्या चिकट मातीत स्टॅटिस लावू नका. तिचा निचरा होत नाही आणि या झाडाचं मूळ ओलीत चार दिवसही तग धरत नाही. वाळू मिळाली नाही तर विटांचा बारीक चुराही चालतो. कुंडीच्या तळाची भोकं खरंच मोकळी आहेत ना, हे काडी घालून बघा.

लावताना मातीचा गोळा न फोडता रोप उचला आणि पानांचा गाभा मातीच्या वर राहील असं बसवा. गाभ्यावर माती आली की तिथूनच सड सुरू होते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, आणि पहिले तीन दिवस दुपारच्या उन्हाला आडोसा. त्यानंतर मात्र दिवसाला सहा तास तरी कडक ऊन पाहिजे. सावलीतलं स्टॅटिस लांबुळकं आणि लुळं होतं.

पाण्याचं गणित शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात त्यावर चालवा: माती ओलसर पण मोकळी, हाताला चिकटणार नाही अशी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत हे आठवड्यातून दोनदा पुरतं. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानं न भिजवता. संध्याकाळी ओली झालेली पानं थंडीत रात्रभर तशीच राहतात आणि करडी बुरशी धरते.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, तेही दांडे दिसेपर्यंत. नत्र जास्त झालं की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि दांडे मऊ पडून वाकतात. वाळवायला कडक दांडा हवा असतो.

कीड फारशी नाही. कोवळ्या दांड्यांवर मावा येतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. नाही गेला तर निंबोळी अर्क. फुलकिडे आले तर फुलांवर चट्टे पडतात, त्यांच्यासाठी पिवळे-निळे चिकट सापळे लावा. खालची पिवळी पानं दर आठवड्याला काढत चला.

दांडा वर येतो तेव्हा

जानेवारीच्या शेवटी गाभ्यातून पहिला दांडा येतो. त्याला दोन्ही बाजूंनी हिरव्या झालरी असतात, जणू कुणी दांड्याला रिबीन शिवली आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस हे तण समजून उपटू शकतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. दांडा दीड-दोन फूट वाढतो. गच्चीवर वारा असेल तर बांबूची काठी रोवून सुतळीचा सैल फास द्या.

मग कळ्यांचे तुरे दिसतात, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. रंग दिसायला लागला की कात्री लावतात. थांबा. गुलाबाची कळी पाण्यात उमलते, स्टॅटिसची वाटी तोडल्यानंतर जवळजवळ उमलतच नाही. जेवढं झाडावर उघडलं तेवढंच तुमचं. मिटलेल्या वाट्या वाळल्या की हिरवट टोकांसारख्या दिसतात आणि सगळी जुडी मलूल वाटते.

माझी खूण अशी: तुऱ्यातल्या चारपैकी तीन वाट्या पूर्ण उघडलेल्या हव्यात आणि त्यांतल्या बहुतेकींत ते पांढरं इवलं फूल दिसायला हवं. फुलदाणीसाठी एवढं पुरे. वाळवण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस राहू द्या, शेंड्याच्या वाट्याही उघडू द्या. पण त्याहून जास्त लांबवलं तर पांढरी फुलं तपकिरी होऊन वाट्यांना चिकटून बसतात आणि उन्हाने रंग उतरायला लागतो.

तोडणी सकाळी दव उडाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास. धारदार कात्रीने दांडा अगदी बुंध्याशी कापा. अर्ध्यातून कापला तर उरलेलं खोड कुजतं. एक चांगलं झाड मला हंगामात आठ-दहा दांडे देतं, एकदम नाही, एकामागून एक.

ताजं वापरायचं असेल तर

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका फुलवाल्या काकांनी जुडी कागदात गुंडाळता गुंडाळता मला सांगितलं होतं, "ताई, याला पाणी दोन बोटंच ठेवा. जास्त ठेवलंत की दांडा काळा पडतो." तेव्हापासून मी तसंच करते. दांड्यावरच्या त्या हिरव्या झालरी पाण्यात बुडाल्या की सडतात आणि पाण्याला उग्र वास मारतो. म्हणून जेवढा भाग पाण्यात राहणार तेवढ्याच्या झालरी सुरीने खरवडून काढा, पानं काढा, टोक तिरकं कापा, पाणी दोन दिवसांनी बदला. आठवडा-दोन आठवडे फूल आरामात राहतं. नंतर पाणी ओतून टाका आणि त्याच फुलदाणीत कोरडं राहू द्या. घरच्यापुरती ही सगळ्यात सोपी वाळवण.

विकत घेताना जुडी उलटी करून बुडखा बघा. तो बुळबुळीत किंवा काळा असेल तर घेऊ नका. तुऱ्यात नाक घालून वास घ्या, कोंदट वास म्हणजे आत बुरशी आहे.

वाळवण

स्टॅटिस वाळवायला सिलिका जेल, ग्लिसरीन, ओव्हन यातलं काहीही लागत नाही. भारतात वाळवलेल्या फुलांचा निर्यातीचा मोठा धंदा आहे, तमिळनाडूतलं तुतुकुडी आणि कोलकाता ही त्याची ठिकाणं, आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने फुलं वाळवण्याच्या तंत्रावर बरंच काम केलं आहे. गुलाबासारख्या पाणीदार फुलांना आकार राखून वाळवायचं तर कसब लागतं. आपलं फूल तर अर्धं काम झाडावरच करून येतं. वाळायचा असतो तो मुख्यतः दांडा.

दांड्यावरची पानं काढा. झालरी हाताने ओढून शक्य तेवढ्या काढा, त्यातच जास्त पाणी असतं. आठ ते दहा दांडे घ्या, त्यापेक्षा जास्त नको. जाड पेंढी केली तर मधले दांडे हवेविना राहतात आणि बाहेरून कुरकुरीत दिसणाऱ्या जुडीच्या पोटात पांढरी बुरशी निघते. तुरे एकमेकांत दाबले जाऊ नयेत म्हणून दांडे थोडे वर-खाली ठेवा. बांधायला दोरा न वापरता रबरबँड वापरा. वाळताना दांडे बारीक होतात, दोऱ्याची गाठ सैल पडते आणि मध्यरात्री सगळी जुडी जमिनीवर येते. रबरबँड दांड्यांबरोबर आकसतो.

आता उलटं टांगायचं. उलटं यासाठी की दांडा ओला असेपर्यंत मऊ असतो आणि तुऱ्याच्या वजनाने वाकतो. उलटं टांगलं की वजनानेच तो सरळ ताणला जातो आणि तसाच कडक होतो. जागा अंधारी, कोरडी आणि हवेशीर. माझ्याकडे जिन्याखालची खोली आहे. कपड्यांचं उघडं कपाट, माळा, पलंगाच्या बाजूची खुंटी, काहीही चालेल. फक्त दोन ठिकाणं नकोत. एक ऊन: उन्हात फूल लवकर वाळतं खरं, पण जांभळ्याचा राखाडी होतो. दुसरं स्वयंपाकघर: तिथली वाफ आणि फोडणीचा तेलकट थर फुलांवर बसतो, आणि तो पुढे धूळ धरून ठेवतो.

साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पुण्याच्या मार्चमध्ये माझ्याकडे बारा-चौदा दिवसांतच होतं. झालं का हे कसं ओळखायचं? तुरा बघून ओळखू नका, तो पहिल्या दिवशीही कोरडाच वाटतो. जुडीतला सगळ्यात जाड दांडा बुडख्याशी वाकवा. कट् असा आवाज होऊन मोडला तर झालं. नुसता वाकला तर अजून चार दिवस.

उतरवल्यावर जुडी वर्तमानपत्रावर धरून हलकेच झटका. आकसलेली पांढरी फुलं आणि चुरा खाली पडतो. थोडा धुरळा उडतो, ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम मास्क लावून आणि गॅलरीत करावं.

पावसाळ्यातून वाचवणं

आपल्या हवेतली खरी परीक्षा ही आहे. परदेशी पुस्तकांतले सल्ले इथे अपुरे पडतात, कारण त्यांच्याकडे जुलै नसतो. दुसऱ्या वर्षी मी सुंदर वाळलेल्या जुड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या. ऑगस्टमध्ये खोकं उघडलं तर दांडे लुळे पडलेले आणि तळच्या जुडीवर हिरवट बुरशी. कोरडं फूल हवेतली ओल स्पंजासारखी शोषून घेतं.

आता मी मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा सुरू व्हायच्या आत, जुड्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरते. प्रत्येक जुडी वर्तमानपत्राच्या सैल गुंडाळीत. डब्याच्या तळाला सिलिका जेलच्या पुड्या, नव्या बुटांच्या आणि पर्सच्या खोक्यांतून निघतात त्याच, वर्षभर साठवलेल्या. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पानं कागदाच्या पुडीत. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी. मग मधेच उघडून बघायचं नाही, प्रत्येक वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते.

ज्या फुलदाण्या बाहेर मांडलेल्या असतात त्यांच्यावर धूळ बसते. ती ओल्या फडक्याने पुसू नका. चित्रकलेचा मऊ ब्रश फिरवा, किंवा पंख्याच्या वाऱ्यात जुडी हलकेच झटका. खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवलेलं जांभळं स्टॅटिस माझ्याकडे दोन वर्षं रंग धरून आहे.

काय काय करता येतं

तोरण मला सगळ्यात आवडतं. मार्चमध्ये गव्हाच्या ओंब्याही मिळतात. ओंब्या आणि स्टॅटिस एकाच वेळी वाळवा, सुतळीवर एक ओंबी, एक तुरा असं गुंफा. जांभळा आणि सोनेरी हे रंग एकमेकांना उठाव देतात. दाराचं कडं करायचं असेल तर बांबूच्या कामटीचं वर्तुळ वाकवून बांधा आणि त्यावर छोटे तुरे तांब्याच्या बारीक तारेने एकाच दिशेने बांधत जा, प्रत्येक तुऱ्याचा दांडा पुढच्या तुऱ्याखाली लपेल असं. ग्लू गनने काम लवकर होतं, पण तारेचं काम जास्त टिकतं.

वाळलेले तुरे हाताळताना मोडतात, तेव्हा कामाच्या आधी त्यांच्यावर पाण्याचा अगदी पुसट फवारा मारून दहा मिनिटं थांबा. दांडे थोडे नरम होतात, वाकवता येतात, आणि काम झालं की पुन्हा कोरडे होतात. मोडलेले छोटे तुरे टाकू नका. लग्नकार्यात अंबाड्यात खोचायला, राखीला, भेटकार्डाला, काचेच्या बरणीत नुसते भरून ठेवायला ते उपयोगी पडतात. हे फूल खाण्याचं नाही, तेव्हा केक किंवा मिठाईवर लावू नका.

आणि गणपती. पूजेला ताजीच फुलं लागतात, ती जास्वंद, दूर्वा, केवड्याची जागा वेगळी. पण मखराला मार्चमध्ये वाळवलेलं स्टॅटिस फार शोभतं, थर्माकोलची आणि प्लास्टिकच्या फुलांची गरजच उरत नाही. डबा आदल्या दिवशीच उघडा. भाद्रपदातल्या दमट हवेतही दहा दिवस फुलं चांगली राहतात, आणि विसर्जनानंतर चांगले तुरे झटकून, दोन दिवस पंख्याखाली ठेवून परत डब्यात जातात. एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा: समई, निरांजन, उदबत्ती आणि गरम होणारे दिवे यांच्यापासून निदान दोन हात अंतर. ही फुलं कागदासारखी पेटतात. आमच्याकडे मखराच्या वरच्या कमानीला स्टॅटिस असतं आणि समया पुढे, खाली, पाटाच्या दोन्ही बाजूंना.

पुढच्या वर्षीचं बी

बी घरी धरायचं असेल तर दोन तरी झाडं शेजारी लावा, कारण स्टॅटिसमध्ये एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा लागू पडत नाही. मधमाश्या येतात, त्या काम करतात. पण शेजारी वेगळे रंग असतील तर बियांतही रंगांची सरमिसळ होणार हे धरून चाला. काही तुरे झाडावरच तपकिरी होऊ द्या, एप्रिलअखेर ते चुरगळा आणि तो कागदी भुगा कोरड्या पाकिटात भरून त्यावर रंग आणि महिना लिहा. पाकीट फुलांच्या त्याच डब्यात ठेवा. अनंत चतुर्दशीनंतर मखर उतरवून फुलं परत ठेवायला डबा उघडाल, तेव्हा ते पाकीट हाताशी येईल, आणि पेरणीची वेळही तीच असेल.